एकाच मापाचे गोळे: मेंदूच्या ऑरगॅनॉइडच्या दोन बॅचच्या नोंदी, परळ, पावसाळा २०२५

काम असं: ऑरगॅनॉइड, म्हणजे स्टेम सेलपासून प्लेटमध्ये वाढवलेले मेंदूच्या ऊतीचे छोटे गोळे. त्यासाठी माणसाच्या आयपीएस पेशींच्या (प्रौढ पेशींना मागे फिरवून केलेल्या स्टेम सेलच्या) दोन लाइन. 'क' ही निरोगी दात्याची मूळ लाइन. 'अ' ही त्याच लाइनमध्ये क्रिस्परने (जनुक कापण्याच्या तंत्राने) एएसपीएम जनुक मोडून केलेली. जन्मजात मायक्रोसेफलीत, म्हणजे गर्भातच मेंदू लहान राहण्याच्या विकारात, सर्वांत जास्त वेळा याच जनुकात दोष सापडतो. त्याचं प्रथिन पेशी विभागताना गुणसूत्रं ओढणाऱ्या तर्कूच्या ध्रुवांपाशी बसतं. दोन्ही लाइन एकाच माणसाच्या, त्यामुळे ऑरगॅनॉइडमध्ये दिसेल तो फरक जनुकाचा, असा हिशोब. तो किती कच्चा होता ते २ ऑगस्टच्या नोंदीत आहे.

पद्धत व्हिएन्नाच्या लँकास्टर-नोब्लिख गटाची, २०१३ साली मांडलेली, पेशींना मेंदूच्या ठरावीक भागाकडे न ढकलणारी. स्टेम सेल संशोधनाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संस्थेच्या समितीची मंजुरी आहे, क्रमांक मूळ वहीत.

सोमवार, ७ जुलै

दोन्ही लाइनची एकेक व्हायल नायट्रोजनमधून काढली. ३७ अंशांच्या बीड बाथमध्ये दीड मिनिट. आत तांदळाएवढा बर्फ उरला की बाहेर. जूनपासून पाण्याचा बाथ बंद केला आहे, पावसाळ्यात ते बुरशीचं माहेरघर होतं. पेशी १० मिली मीडियममध्ये (पोषक द्रवात) थेंबाथेंबाने सोडल्या. एकदम ओतलं तर गोठवताना घातलेलं डीएमएसओ झटक्यात पातळ होतं आणि पेशी पाणी ओढून फुटतात. २०० जीवर ५ मिनिटं सेंट्रीफ्यूज, मग मॅट्रिजेल (पेशींना धरून ठेवणारं प्रथिनांचं जेल) लावलेल्या ६ वेलच्या, म्हणजे कप्प्यांच्या, प्लेटवर. पहिले २४ तास १० मायक्रोमोलर रॉक इनहिबिटर (सुट्या पेशींना मरू न देणारं रसायन), त्यानंतर नाही.

गुरुवार, १७ जुलै

दुसरा पासेज, म्हणजे वाढलेल्या पेशी सोडवून नव्या प्लेटवर विरळ लावणं. मीडियम काढून पीबीएसने (मिठाच्या बफरने) दोनदा धुतलं, मग अर्धा मिलिमोलर ईडीटीए (पेशींची पकड सोडवणारं रसायन), ३७ अंशांवर ४ मिनिटं. वसाहतींच्या कडा सुटून आत फटी दिसल्या की ईडीटीए ओढून घ्यायचं आणि नवं मीडियम एकाच फटकाऱ्यात मारायचं. पेशी ५ ते १० च्या पुंजक्यांत सुटायला हव्यात. पिपेट वरखाली करत बसलं की एकेकट्या होतात, मरतात, आणि ज्या तगतात त्या भलत्याच गुणाच्या निघतात. प्रमाण १ ला ८.

'क' च्या दोन वसाहतींच्या मध्यभागी पिवळट, जाड, विटकी जागा दिसली, म्हणजे स्टेमपण सोडून भलतीकडे वळलेल्या पेशी. पासेजच्या आधी टिपच्या टोकाने खरवडून काढली. अशी जागा प्लेटच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त झाली तर ती प्लेट ऑरगॅनॉइडला घ्यायची नाही. साफ करून वापरू म्हणणाऱ्यांनी पुढे ऑरगॅनॉइडमधून निघणाऱ्या फुग्यांच्या तक्रारी करू नयेत.

मंगळवार, २२ जुलै

मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये लपून राहणारे जिवाणू) पीसीआर: दोन्ही निगेटिव्ह. जी-बँडिंगचा (गुणसूत्रं रंगवून पाहण्याच्या तपासणीचा) अहवाल आला, दोन्ही सामान्य. पण त्यावर समाधान मानलं नाही. आयपीएस पेशींत २० व्या गुणसूत्रावरचा २०क्यू११.२१ हा तुकडा वारंवार वाढतो आणि तो इतका छोटा असतो की बँडिंगमध्ये बहुतेकदा दिसतच नाही. त्यात बीसीएल२एल१ हे पेशीला मरू न देणारं जनुक असल्यामुळे अशा पेशी प्लेटमध्ये हळूहळू बाकीच्यांना मागे टाकतात. क्यूपीसीआरने (डीएनएच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीने) वेगळं तपासलं. दोन्ही लाइनमध्ये दोनच प्रती. ठीक.

'अ' आज पासेज केली. 'क' हळू भरते आहे, ती गुरुवारी करू.

शुक्रवार, २५ जुलै

दुसऱ्या कामाच्या एका प्लेटमध्ये, कोपऱ्यातल्या वेलला, पांढरा कापसासारखा ठिपका. बुरशी. प्लेट तशीच पिशवीत बंद करून ऑटोक्लेव्हला, इन्क्युबेटर रिकामा करून रात्रभर निर्जंतुकीकरणाच्या चक्रावर. औषध घालून प्लेट वाचवायची नाही हा नियम. अँफोटेरिसिनने बुरशी दबते, जात नाही, आणि पेशींना त्रास होतो तो वेगळाच.

उगम शोधला तर पुठ्ठ्याचे खोके. टिपांचे खोके कल्चर रूममध्ये रचलेले, मागच्या बाजूला ओल. पुठ्ठा आता दाराबाहेरच फोडायचा, आत फक्त प्लास्टिक. दुसरी गोष्ट एसी आणि पावसाची: फ्रिजमधून काढलेली बाटली दोन मिनिटांत घामाघूम होते आणि ते पाणी झाकणाच्या आट्यांतून आत उतरतं. बाटली कोरडी पुसायची, मग ७० टक्के अल्कोहोल, मग हूडमध्ये. उलट क्रमाने केलं तर अल्कोहोल पातळ होतं आणि उपयोग शून्य.

ईबीचं (एम्ब्रिऑइड बॉडी, म्हणजे पेशींच्या सुरुवातीच्या गोळ्याचं) मीडियम बनवलं: डीएमईएम-एफ१२ ४०० मिली, नॉकआउट सीरम रिप्लेसमेंट १०० मिली, स्टेम सेलसाठी तपासलेलं एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम) १५ मिली, ग्लुटामॅक्स ५ मिली, नॉन-इसेन्शियल अमिनो आम्लं ५ मिली, बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ३.५ मायक्रोलिटर. एफजीएफ (वाढीचा घटक) आयत्या वेळी घालायचं, मिलीला ४ नॅनोग्रॅम. नेहमीच्या स्टेम सेल मीडियमच्या मानाने हे जाणूनबुजून कमी.

सोमवार, २८ जुलै. बॅच १, दिवस ०

अॅक्युटेज (पेशी सोडवणारं एन्झाइम) ४ मिनिटं, सुट्या पेशी. मोजणी स्वयंचलित काउंटरवर. ९६ वेलच्या, तळ गोल असलेल्या, न चिकटणाऱ्या प्लेट. प्रत्येक वेलला १५० मायक्रोलिटरमध्ये ९,००० पेशी. म्हणजे मिलीला ६०,०००. आतले ६० वेल वापरायचे म्हणून १० मिलीत ६ लाख पेशी घेतल्या. कडेच्या ३६ वेलमध्ये २०० मायक्रोलिटर पीबीएस, कारण बाष्पीभवन आधी कडेला होतं. रॉक इनहिबिटर आज ५० मायक्रोमोलर. सुट्या पेशींना १० पुरत नाही.

'क' पासेजनंतर चौथ्या दिवशी, साधारण ७५ टक्के भरलेली. 'अ' सहाव्या दिवशी, जवळजवळ गच्च. नोंद म्हणून लिहून ठेवलं.

मंगळवार, २९ जुलै

प्रत्येक वेलच्या तळाशी एक गोळा, भोवती मेलेल्या पेशींचा भुसा. पहिल्या दिवशी भुसा असणारच, हलवायचं नाही. 'अ' मध्ये भुसा डोळ्यांत भरेल इतका जास्त.

शनिवार, २ ऑगस्ट. बॅच १, दिवस ५

प्रत्येक लाइनचे २० ईबी ४एक्सवर मोजले. 'क' सरासरी ५४० मायक्रॉन, 'अ' ४७८. 'अ' लहान. कोणालाही वाटेल, मायक्रोसेफलीचं जनुक, छोटे गोळे, जमलं.

जमलेलं नाही. पाचव्या दिवशी हा अजून मेंदू नव्हेच, नुसता पेशींचा गोळा आहे. इथेच फरक दिसत असेल तर तो आपण घातलेल्या पेशींचा असण्याची शक्यता आधी धरायची. २८ तारखेच्या मोजणीच्या फाइल उघडल्या. काउंटरने दिलेला एकूण आकडा वापरला गेला होता, जिवंत पेशींचा नव्हे. ट्रिपॅन ब्लूनुसार (हा रंग मेलेल्या पेशींतच शिरतो) 'क' मध्ये ९४ टक्के जिवंत, 'अ' मध्ये ८१. म्हणजे ९,००० च्या नावाखाली एकीकडे ८,४६० आणि दुसरीकडे ७,२९०.

आता गणित. व्यास हा आकारमानाच्या घनमुळाने वाढतो. जिवंत पेशी १४ टक्के कमी असतील तर व्यास साधारण ५ टक्केच कमी यायला हवा, ५४० चे ५१४. आले ४७८. व्यासातला ११ टक्क्यांचा फरक म्हणजे आकारमानात जवळपास ३१ टक्के. निम्म्याहून जास्त तूट अजून शिल्लक राहते. ती बहुधा गच्च भरलेल्या प्लेटची: सहा दिवस उभ्या असलेल्या पेशी मोजताना जिवंत दिसतात आणि सुट्या केल्यावर पहिल्या रात्रीत मरतात. मंगळवारचा भुसा तेच सांगत होता.

बॅच १ तुलनेसाठी बाद. फेकत नाही, मॅट्रिजेल, शेकर आणि कापणीच्या सरावाला चालेल.

रविवार, ३ ऑगस्ट. बॅच १, दिवस ६

गोळ्यांच्या कडा उजळ आणि गुळगुळीत झाल्या. २४ वेलच्या न चिकटणाऱ्या प्लेटमध्ये हलवले, वेलला एक, ५०० मायक्रोलिटर न्यूरल इंडक्शन मीडियम (पेशींना चेताऊतीकडे वळवणारं): डीएमईएम-एफ१२, त्यात एन२ १ टक्का, ग्लुटामॅक्स १ टक्का, अमिनो आम्लं १ टक्का, हेपॅरिन मिलीला १ मायक्रोग्रॅम. हलवताना टिपचं तोंड निर्जंतुक कात्रीने कापून दीड-दोन मिलिमीटर करायचं. न कापलेल्या टिपमधून गेलेला गोळा आपल्याला अख्खा दिसतो, पण त्याची कड सोललेली असते आणि ते तीन दिवसांनी कळतं.

दुसऱ्या बॅचसाठी 'क' आणि 'अ' दोन्ही आज, एकाच तासात पासेज केल्या. 'क' १ ला ६, 'अ' १ ला ८, गुरुवारी दोन्ही सारख्याच भरतील अशा बेताने.

गुरुवार, ७ ऑगस्ट. बॅच २, दिवस ०

दोन्ही प्लेट ७० ते ७५ टक्के. अॅक्युटेज ४ मिनिटं, घड्याळ लावून. मोजणी हाताने, हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचेवर), दोन वेगवेगळ्या माणसांनी. दोन आकड्यांत १० टक्क्यांहून जास्त तफावत आली तर परत. जिवंत: 'क' ९५ टक्के, 'अ' ९३. वेलला ९,००० जिवंत पेशी.

वाटपाची आणखी एक खोच. ट्यूबमध्ये पेशी मिनिटा-दोन मिनिटांत तळाला बसू लागतात. पहिल्या ओळीत विरळ आणि शेवटच्या ओळीत दाट पडतात. दर १२ वेलनंतर ट्यूब हलकेच उलटसुलट केली. शिवाय एका प्लेटच्या डाव्या अर्ध्यात 'क' आणि उजव्यात 'अ', दुसरीत उलट. त्यामुळे इन्क्युबेटरच्या दाराकडची बाजू एकाच लाइनच्या वाट्याला जात नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. बॅच १, दिवस ११

मॅट्रिजेल. आदल्या रात्रीपासून ४ अंशांवर, बर्फात उभं करून वितळवलं. १० अंशांच्या वर ते घट्ट व्हायला लागतं, म्हणून टिपा, ट्यूब, कात्री सगळं बर्फगार. मागच्या महिन्यात आलेलं एक पार्सल वाटेतच तीन दिवस रखडलं होतं आणि ड्राय आइस संपलेला होता. त्या लॉटचा ३० मायक्रोलिटरचा थेंब ३७ अंशांवर लावून पाहिला: काचेसारखा एकसंध होण्याऐवजी आत साबुदाण्यासारख्या गाठी. तो लॉट प्लेटला लेप द्यायलासुद्धा वापरलेला नाही.

पॅराफिल्म २०० मायक्रोलिटर टिपांच्या रिकाम्या ट्रेवर ताणून बोटाने खळगे पाडले. खळग्यात गोळा ठेवायचा, भोवतीचं मीडियम जमेल तितकं ओढून घ्यायचं, वर ३० मायक्रोलिटर मॅट्रिजेल, आणि घट्ट व्हायच्या आत गोळा टिपच्या टोकाने थेंबाच्या मधोमध आणायचा. ही शेवटची पायरी घाईत सुटते. गोळा तळाला राहिला तर पॅराफिल्म सोडवताना त्याचा एक गाल जेलच्या बाहेर येतो आणि ऑरगॅनॉइड एकाच अंगाने वाढतो. ३७ अंशांवर २५ मिनिटं, मग पॅराफिल्म उलटी करून ६ सेंमीच्या डिशमध्ये व्हिटॅमिन ए नसलेल्या मीडियममध्ये सोडले.

४० गोळे बसवले, 'क' चे २० आणि 'अ' चे २०. चारांच्या कडेला पारदर्शक पट्टा (चेताऊती घडू लागल्याची खूण) नव्हताच, ते सरावाच्या ढिगात.

मंगळवार, १२ ऑगस्ट. बॅच १ दिवस १५, बॅच २ दिवस ५

बॅच २ चं माप: 'क' ५३२ मायक्रॉन, 'अ' ५२४. प्रत्येकी २०. आठ मायक्रॉन म्हणजे मोजणाऱ्याच्या रेघेची जाडी. हेच हवं होतं. दिवस ५ ला दोन्ही लाइनच्या सरासरीत ३ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ती बॅच तुलनेला घ्यायची नाही, असं आजपासून ठरलं.

बॅच १ शेकरवर (डिश फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर), १० सेंमीच्या डिशमध्ये दहा-दहा, मिनिटाला ८५ फेरे. मीडियमचं प्रमाण: डीएमईएम-एफ१२ १२५ मिली, न्यूरोबेसल १२५ मिली, एन२ १.२५ मिली, इन्सुलिन ६२.५ मायक्रोलिटर, ग्लुटामॅक्स २.५ मिली, अमिनो आम्लं १.२५ मिली, पेनिसिलिन-स्ट्रेप २.५ मिली, बी२७ २.५ मिली, आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉलचं १ ला १०० पातळ केलेलं द्रावण ८७.५ मायक्रोलिटर. 'पातळ केलेलं' हा शब्द वाचायचा राहिला आणि मूळ बाटलीतून घातलं तर शंभरपट जातं. संध्याकाळपर्यंत डिशमध्ये काही जिवंत उरत नाही. म्हणून मूळ बाटली कुलपात, बाहेर फक्त पातळ. बी२७ या पूरकाच्या दोन बाटल्या दिसायला सख्ख्या बहिणी: व्हिटॅमिन ए असलेलीच्या झाकणावर लाल टिकली लावली आहे. शेकरच्या आधी बिनटिकलीची, नंतर टिकलीची.

शेकरच्या मोटरची उष्णता विसरू नये. रिकामी डिश पाण्यासह ठेवून आत तापमापक टाकला: इन्क्युबेटर ३७ दाखवतो, डिशमध्ये ३७.८. इन्क्युबेटर ३६.३ वर आणला.

सोमवार, १८ ऑगस्ट. बॅच २, दिवस ११

पहाटेपासून संततधार. बर्फाचं यंत्र आधीच चालू ठेवलं होतं म्हणून बरं. साडेनऊच्या आत 'क' चे २२ आणि 'अ' चे २१ मॅट्रिजेलमध्ये. बसवण्याआधी माप: ६४० आणि ६३१ मायक्रॉन. कडेचा पारदर्शक पट्टा दोन्हींत सारखा आणि जाड; आतल्या पेशी बाहेरच्या कडेकडे रांगेत उभ्या दिसतात. पट्टा जितका स्वच्छ तितकं पुढचं काम सोपं.

हवेत इतकी ओल की पॅराफिल्मवर दव जमत होतं. हूडमध्ये एका वेळी आठच खळगे उघडे ठेवले.

मंगळवार, १९ ऑगस्ट

हिंदमाताला पाणी, लोकल बंद. बॅच १ चं मीडियम आज बदलायचं होतं, शेवटचं १५ तारखेला बदललेलं. कोणी पोहोचू शकलं नाही.

बुधवार, २० ऑगस्ट

सकाळी साडेसातला दार उघडलं. इन्क्युबेटर चालू, ३६.३, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. शेकर थांबलेला.

इन्क्युबेटरच्या नोंदीत काल दुपारी ४:१० ला ९ सेकंद वीज गेल्याचं आहे. जनरेटरने भार घेतला, इन्क्युबेटर आपला आपण सुरू झाला, शेकर मात्र वीज परत आल्यावर स्वतःहून फिरत नाही. पंधरा तास डिश स्थिर. मीडियम लिंबासारखं पिवळं, ऑरगॅनॉइड डिशच्या मधोमध एकमेकांना टेकून बसलेले. ३६ पैकी १९ जोडले गेले होते; दोन-तीन एकत्र होऊन भुईमुगाच्या शेंगेसारखे. दोन स्वतंत्र ऑरगॅनॉइड जोडले गेले की सीमारेषेवरच्या पेशी मिसळतात, कापून वेगळे केले तरी कोणत्या लाइनचं किती ते सांगता येत नाही. इथे सुदैवाने डिश लाइनप्रमाणे वेगळ्या होत्या.

बॅच २ अजून स्थिर डिशमध्येच असल्यामुळे तिला धक्का नाही. ठरल्याप्रमाणे ४८ तासांनी तिचं मीडियम बदललं.

बदल: शेकर यूपीएसवर. सूचनापुस्तिकेत 'वीज आल्यावर पुन्हा सुरू' असा पर्याय तिसऱ्या मेनूत दडलेला सापडला, तो चालू केला. आणि पावसाच्या इशाऱ्याच्या आदल्या दिवशी डिशमध्ये दीडपट मीडियम, १५ मिलीऐवजी २२.

दुपारच्या पाळीला: पंख्याच्या खालच्या प्लगमध्ये यूपीएस लावू नका, तो जनरेटरवर नाही. लाल सॉकेट फक्त दोन आहेत, दोन्हींवर चिठ्ठी लावली आहे.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. बॅच २, दिवस १५

शेकरवर. डिशमध्ये दहा ते अकरा.

मंगळवार, २६ ऑगस्ट. बॅच १, दिवस २९

फिक्सिंग दिवस ३० ला ठरलेलं. तो आला बुधवारी, गणेश चतुर्थीला. बॅच २ चा दिवस ३० पाहिला तर ६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. त्या दिवशी लालबाग-परळमध्ये पायी चालणंही मुश्कील. दिनदर्शिका भिंतीवरच आहे. दोन्ही बॅच दिवस २९ ला फिक्स करायच्या, म्हणजे दिवस तरी सारखा राहील.

४ टक्के पीएफए (ऊती आहे तशी स्थिर करणारं रसायन), खोलीच्या तापमानाला २० मिनिटं, पीबीएसमध्ये १० मिनिटांच्या तीन धुण्या, मग ३० टक्के सुक्रोजमध्ये ४ अंशांवर रात्रभर. आधी तरंगतात, तळाला बसले की झालं. वर राहिलेला ऑरगॅनॉइड गोठवला तर आत बर्फाचे स्फटिक होऊन ऊती जाळीसारखी फाटते.

सोमवार, १ सप्टेंबर. बॅच २, दिवस २५

'अ' च्या एका ऑरगॅनॉइडवर काळा ठिपका. सकाळच्या पाळीने 'बुरशी?' लिहून डिश वेगळी ठेवली, ते योग्यच केलं. १० एक्सवर पाहिलं: कड नेमकी, धागे नाहीत, आत षटकोनी पेशी, मीडियम स्वच्छ. हा डोळ्याच्या पडद्यामागचा रंगद्रव्याचा थर. पेशींना दिशा न देण्याच्या या पद्धतीत मेंदूच्या कडेने असा डोळ्याचा अंश अधूनमधून उगवतो. डिश परत शेकरवर.

दोन ऑरगॅनॉइडमधून पारदर्शक फुगे निघाले, दोन्ही 'क' चे. फुग्यात चेताऊती नसते, मापाला घ्यायचे नाहीत. बाकीच्यांतून दहा-दहा मोजले: 'क' सरासरी १.९ मिमी, 'अ' १.७. सुरुवात सारखी असल्यामुळे हा आकडा लिहायला हात आखडत नाही, पण एकाच बॅचचे दहा गोळे म्हणजे निकाल नव्हे. प्रेझेंटेशनमध्ये घालायचा नाही.

शुक्रवार, ५ सप्टेंबर. बॅच २, दिवस २९

फिक्स केले: १६ आणि १६. उरलेले चार आणि पाच पुढे वाढू द्यायचे. उद्याचं मीडियम आजच बदललं, दीडपट.

मंगळवार, ९ सप्टेंबर

७.५ टक्के जिलेटिन आणि १० टक्के सुक्रोजमध्ये ३७ अंशांवर अर्धा तास मुरवून साच्यात घातले. सूचनेत जिलेटिन 'खोलीच्या तापमानाला' घट्ट होतं असं लिहिलेलं असतं. ती खोली मुंबईतली नसते. एसी बंद पडला तर ते तसंच पातळ राहतं आणि ऑरगॅनॉइड तळाला जाऊन साच्याला चिकटतो. साचे सरळ बर्फावर. नंतर अल्कोहोल आणि ड्राय आइसच्या लगद्यात गोठवले, उणे ८० ला ठेवले.

२० मायक्रॉनचे काप. दोन मिलिमीटरच्या ऑरगॅनॉइडचे साधारण शंभर निघतात. दर दहावा काप रंगवायला. क्रायोस्टॅटच्या (गोठलेल्या ऊतीचे काप घेणाऱ्या यंत्राच्या) पेटीत या दिवसांत भराभर हिम जमतं, दर तासाला ब्रशने झाडायचं. बॅच १ च्या सराव-स्लाइडचे निम्मे काप धुताना सुटून गेले होते. कारण हवेतली ओल: वरून सुकलेले वाटतात, खाली पाणी असतं. आता काप घेतल्यावर ३७ अंशांच्या तव्यावर दोन तास, मग ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या डब्यात रात्रभर. एकही सुटला नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

पहिला संच रंगवला. ०.२५ टक्के ट्रायटन आणि ४ टक्के गाढवाच्या सीरममध्ये एक तास, प्राथमिक अँटिबॉडी ४ अंशांवर रात्रभर.

'क' च्या चांगल्या कापात दिसतं ते असं: मध्ये लांबट पोकळी, तिच्याभोवती सॉक्स२ (मूळ पेशींची खूण) च्या केंद्रकांची दाट, उभी रांग, बाहेर पातळ टीबीआर२ (मधल्या टप्प्यातल्या पेशी), त्याच्या बाहेर टीयूजे१ (चेतापेशींची खूण) ची जाळी. एका कापात अशा पाच-सहा पोकळ्या, प्रत्येकीची दिशा वेगळी. ऑरगॅनॉइडच्या गाभ्यात मात्र रंगच नाही, केंद्रकं आकसलेली. रक्तवाहिन्या नाहीत, ऑक्सिजन कडेपासून काहीशे मायक्रॉनच आत पोहोचतो. एवढ्या आकाराला गाभा मरणारच. मोजणी फक्त बाहेरच्या ४०० मायक्रॉनमधल्या पोकळ्यांवर, दोन्ही लाइनला हाच नियम, आणि मोजणाऱ्याला स्लाइड कोणत्या लाइनची ते माहीत नसावं. लेबलांवर कागद चिकटवला आहे; किल्ली बंद पाकिटात.

खरा प्रश्न विभाजनाच्या कोनाचा: फॉस्फो-व्हिमेंटिनने विभागणाऱ्या रेडियल ग्लिया (मेंदूच्या मूळ पेशी) उजळतात, त्यांतल्या अॅनाफेजमधल्या (गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातानाच्या) तर्कूचा पोकळीच्या कडेशी कोन मोजायचा. तिरके विभाजन वाढलं तर मूळ पेशींचा साठा लवकर संपून चेतापेशी आधी बनतात, असा अंदाज. आतापर्यंत मोजण्याजोगे अॅनाफेज: एका संचात ११, दुसऱ्यात ९. अॅनाफेज काही मिनिटांचाच असतो, त्यामुळे फिक्स केलेल्या ऊतीत तो मोजकाच सापडतो. प्रत्येकी किमान ५० झाल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही. उरलेल्या स्लाइडमधून तीसेक मिळतील. बाकी नव्या बॅचमधून.

बॅच ३: दोन्ही लाइन काल एकाच वेळी पासेज केल्या. दिवस ० गुरुवार, १८ सप्टेंबर. मॅट्रिजेल २९ ला, सोमवार. शेकर ३ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. दिवस २९ येतो १७ ऑक्टोबरला, वसुबारस, शुक्रवार, लॅब चालू. मॅट्रिजेलच्या जुन्या लॉटच्या तीन नळ्या उरल्या आहेत, दीड मिलीच्या, तेवढ्या पुरतात. डबा उणे २० च्या दुसऱ्या कप्प्यात, डावीकडे. दुसऱ्या कामाला काढू नयेत.